सरकारी खड्ड्यावरची इर्जिक

आमच्या वाडीत बाप हा पावसाळ्यात उगवणारा प्राणी आहे, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. हसू नका, शेजारच्या दोन्ही घरांत तसंच होतं. मृगाच्या तोंडावर आबा यायचे, पाठीला वळकटी, हातात भोरच्या बाजारातला खाऊचा पुडा, आणि भात झोडून कणगीत पडलं की पुन्हा वळकटी बांधायचे. मधल्या चार-पाच महिन्यांत घराला घरपण असायचं. चुलीपुढे माणूस बसलेलं असायचं, तंबाखू मळल्याचा, खाकरल्याचा, दारातल्या दगडावर विळा घासल्याचा आवाज यायचा, आणि आई कालवणाला फोडणी द्यायची. आबा गेले की फोडणी बंद. हुलग्याचं पाणचट पिठलं, नाचणीची भाकरी, वाळवून ठेवलेली कुर्डूची भाजी नुसती उकडून, वर मीठ. मी एकदा कुरकुर केली तर म्हणाली, "दोघींसाठी कशाला तेल जाळायचं." मी म्हणजे तिच्या लेखी कुणी नाहीच की काय, असा मला तेव्हा राग आला होता. आता एकटीपुरता स्वयंपाक करते तेव्हा तिला काय म्हणायचं होतं ते कळतं.

आबा इतकी वर्षं जायचे ते भाटघरला, धरणाच्या कामावर. आमच्या खोऱ्यातून पायी एक दिवसाची वाट, पण आईला ते काशीइतकं लांब वाटायचं. ती कधीच गेली नाही. तिचं माहेर उत्रोली, भोरच्या अगदी शेजारी. तिथे सपाट, रुंद, पाण्याने भरलेली खाचरं, आणि तिला दिली ती वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या मांडीवर, जिथे हातभर खाचरासाठी दोन पिढ्यांनी दगड उचलले. त्याचं दुःख ती बोलून दाखवत नसे, पण बांधावर उभी राहिली की नजर उगाच खाली, भोरच्या दिशेला जायची. धरण पुरं झालं आणि आबांचं काम संपलं. मग एक वर्ष ते मुंबईला गोदीत गेले आणि असे वाळून परत आले की आईने त्यांना दारात ओळखलंच नाही. मला तर शंकाच आली की हे दुसरेच कुणी आलेत. त्या पावसाळ्यात आबा फारसे बोलले नाहीत. पुन्हा गोदीत जायचं म्हटलं की त्यांचं जेवण जात नसे.

अशात भोर संस्थानाने रस्ता काढला. वेल्ह्याकडून आमच्या खोऱ्यात गाडीरस्ता होणार, भाताच्या गाड्या थेट बाजाराला जाणार, आजाऱ्याला डोलीत घालून न्यायला नको, आणि मुख्य म्हणजे काम खोऱ्यातल्याच माणसांना देणार, अशी दवंडी पिटली. चावडीत नावं लिहून घ्यायला कारकून आला. तुम्हाला वाटेल, लोकांची झुंबड उडाली असेल. आमच्या वाडीतून एकही नाव गेलं नाही. भाटघरला, मुंबईला कुणाच्याही हाताखाली मातीची पाटी उचलायला आमची माणसं तयार होती, कारण तिथे बघणारं कुणी नव्हतं. इथे दारात, सोयरेधायरे जाता-येता बघणार, तिथे बायकापोरांसह सरकारी माती वाहायची म्हणजे नाक कापून घेणंच की. हे सगळ्यांत ठासून सांगणारे आमचे रावजीनाना. नाना नात्याने आबांचे चुलते, वाडीतलं कर्तं माणूस, मोठ्या पांढऱ्या मिशांचे आणि मोठ्या आवाजाचे. पण हेही सांगते, आबा बाहेरगावी असताना आमची लावणी कधी अडली नाही ती नानांमुळे. सांगावं लागत नसे. स्वतःच्या खाचरातला चिखल पायावर वाळायच्या आत ते आमच्या खाचरात उतरायचे.

शेवटी एकट्या आबांनी नाव घातलं. आमच्या घरचीच तीन नावं, आबा, आई आणि मी. मी तेव्हा तेरा वर्षांची असेन. नाना दोन दिवस आमच्या दारावरून गेले तेव्हा आत न बघता गेले, तिसऱ्या दिवशी विसरले. कामावरच्या ओव्हरसियरसाहेबांनी आबांचा हात पाहिला. साहेब भोरचे, कोकणस्थी गोरे, डोक्याला पांढरा रुमाल, उन्हाने सोललेलं नाक, कामात करडे पण तोंडाने घाण नसलेले. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलास, आणि आबांनी भाटघर सांगितल्यावर ते थोडा वेळ बोलत उभे राहिले. त्या दिवशी संध्याकाळी आबा जेवायला बसले आणि बसूनच राहिले. आईने विचारलं, बरं न्हाई का. तेव्हा त्यांनी सांगितलं. रस्ता झाला की तो राखायला प्रत्येक टप्प्याला एक मैलकुली नेमणार. खड्डे बुजवायचे, चर मोकळे ठेवायचे, दरड आली तर लाल निशाण लावायचं. सरकारी नोकरी, पितळेचा बिल्ला. ओढ्यापासून खिंडीपर्यंतच्या टप्प्यासाठी साहेबांच्या मनात आबा होते. मोठ्या साहेबांच्या तपासणीत आमचं काम पास झालं की नाव वर पाठवणार.

आईने भाकरी तव्यावर तशीच राहू दिली. "पावसाळ्यात बी हितंच?" तिने विचारलं.

"बारा म्हैने हितंच," आबा म्हणाले. "घरून भाकरी बांधून न्यायची, दिवस मावळला की घरी."

भाकरी करपली. आई एवढी नीटनेटकी बाई, तिने ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि पुढची थापायला घेतली. मला नोकरीबिकरी काही कळत नव्हतं. आता रोज फोडणी मिळणार एवढं कळलं.

काम असं असायचं. रस्त्याच्या भरावाला माती लागते, ती कडेच्या जमिनीतून काढायची. साहेब चुन्याने चौकोन आखून द्यायचे, एकेका घराला एकेक. आबा कुदळीने खणायचे, आई फावड्याने पाट्या भरायची आणि मी डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी भरावावर नेऊन ओतायची. चौकोन खोल खोल होत जायचा, पण त्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडायचा, वरच्या गवतासकट. ही मापाची खूण. जमीन आधी कुठवर होती ते त्या गवतावरून दिसतं, आणि खांबाला काठी लावली की किती खणलं ते कळतं, मजुरी त्या मापावरच. आमचा खड्डा उतारावर होता, एक काठ उंच, एक बुटका, त्यामुळे नुसत्या काठावरून माप निघालं नसतं. आबा त्या खांबाला इतके जपायचे की कुदळ जवळ आली की हळू व्हायची, आणि मी टेकून बसले तर ओरडायचे. आई म्हणायची, लेकीपरास ते ढेकूळ लाडकं झालंय. आबांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते काम मला आवडायचं असं म्हटलं तर माझी नात म्हणते, आजी, तू बालमजूर होतीस. असेन बाई. पण आई, आबा आणि मी तिघं दिवसभर एका जागी असल्याचे माझ्या आयुष्यातले दिवस तेवढेच.

खड्ड्याचा तिसरा हिस्सा राहिला आणि आबांना हिवताप आला. एक दिवसाआड दुपारी थंडी भरायची, घरातली घोंगडी, गोणपाटं, आईची दोन्ही लुगडी अंगावर टाकली तरी दात वाजायचे, आणि मग अंग असं तापायचं की हात लावता येत नसे. कामावरच्या कडू पुड्या आणल्या, वाडीतल्या म्हातारीने काढे दिले. आई आणि मी दोन दिवस जाऊन खणून पाहिलं. खाली मुरूम लागला होता, आमची कुदळ टणकन वर उडायची. आठ-दहा दिवस असे गेल्यावर साहेबांनी शिपायाकडून निरोप धाडला, गुरुवारी मोठे साहेब तपासणीला येणार, त्याआधी खड्डा पुरा पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्या गावच्या माणसाला देतील आणि बिल्ल्यासाठीही त्याचंच नाव जाईल. निरोप देताना शिपाई चांगला होता, दोनदा सांगितलं की साहेबांचा इलाज नाही. आईने रडून गोंधळ घातला नाही. चुलीतली राख उकरत राहिली, आणि तिला काही सांगायला गेले तर म्हणाली, पाणी आण.

शिपाई गेला तो नानांच्या दारावरून, आणि नानांनी त्याला गाठून सगळं काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी नाना आले, आबांच्या उशाशी बसले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "धोंडिबा, उंद्या आपल्या वाडीची इर्जिक हाय तुज्या खड्ड्यावर. तू गप पडून ऱ्हा."

इर्जिक ज्याने पाहिली नाही त्याला सांगते. एखाद्याचं काम अडलं की सगळ्या वाडीने एक दिवस त्याच्या शेतावर उतरायचं. मजुरी नाही, काही नाही. ज्याचं काम त्याने जेवण घालायचं. आणि एक रीत अशी की आलेल्या माणसाच्या कामात घरच्याने खोट काढायची नाही. तो आपलं काम टाकून आलाय. त्याने नांगराचं तास वाकडं घातलं तरी चांगलं झालं म्हणायचं. आबा नको म्हणत होते, नाना, तिथे खुणा असतात, माप असतं, मी येतो, कडेला बसतो. नाना ऐकून घेणारे नव्हते. "उभ्या जल्मात मातीच केली आमी," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी आबांची पाळीची थंडी सकाळीच भरून आली, ते उठूच शकले नाहीत.

सरकारी मातीला हात लावणार नाही म्हणणारी ती माणसं सूर्य वर यायच्या आत खड्ड्यावर हजर. पंधरा-सोळा गडी, बायका वेगळ्या, कुणी डफ आणलेला. मी इतकी फुगले होते की विचारू नका. शेजारच्या खड्ड्यांवरची परगावची माणसं कुदळी टाकून बघत होती आणि मी मुद्दाम त्यांच्या समोरून पाटी मिरवत नेत होते. भलरीची गाणी सुरू झाली, एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं, आणि त्या ठेक्यावर कुदळी पडायच्या. आम्हाला न बधलेला मुरूम दुपारपर्यंत निघाला. आई घरी जाऊन स्वयंपाकाला लागली होती, दुपारी सगळ्यांसाठी ताकाचं मडकं घेऊन आली. आली तेव्हा खणणं संपलं होतं. आता काम संपलं, निघावं, तर आमची माणसं कसली निघतात. भातवाली माणसं ती. खणलेली जमीन उंचसखल सोडून जाणं त्यांच्या हाताला जमेना.

त्यांनी खड्ड्याचा तळ फळी ओढून सपाट केला. ढासळणारे काठ छाटून कलते केले. वरच्या काठाने हातभर बांध घातला, चोपून चोपून, आणि खालच्या अंगाला पाणी जायला वाट ठेवली. पाहता पाहता साहेबाच्या खड्ड्याचं खाचर झालं. इतकं सुबक खाचर आमच्या वाडीत दुसरं नव्हतं. आणि मधोमध तो खांब. नाना कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होते, घरातल्या जमिनीवर कुणी उखळ विसरून गेलं तर बघावं तसे. मग त्यांनी कुदळ उचलली.

मी पाटी टाकून पुढे झाले. "नाना," एवढंच म्हणाले असेन. माझ्या मनगटावर आईचा हात पडला. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, बोटं तेवढी आवळली आणि पुटपुटली, "बोलू नगंस. दिसभर राबलीत ती." आईला खूण माहीत नव्हती असं नाही. पण तिला वाटलं असावं, एवढं ढळढळीत खणलेलं साहेबांना दिसणार नाही का. आणि ज्या माणसांनी तिची लावणी वर्षानुवर्षं उरकली त्यांना भर कामात चुकलात म्हणणं तिच्याने झालं नसतं. मी तेरा वर्षांची होते, माझा गळा चांगला होता, मला आरोळी ठोकता आली असती. नाही ठोकली. चार घावांत खांब आडवा झाला, गवताची ढेप कुणीतरी बांधावर नेऊन लावली, आणि नाना आईकडे वळून म्हणाले की येत्या पावसाळ्यात इथे आंबेमोहर लावा. सगळे हसले. आईही हसली.

दिवे लागायच्या सुमाराला अंगणात पंगत बसली. आईने होता तो कोंबडा कापला होता, माहेराहून आलेला आंबेमोहर होता नव्हता तेवढा शिजवला होता, वास शेजारच्या वाडीपर्यंत गेला असेल. आबांचा ताप उतरला होता. घोंगडी पांघरून ते दाराशी बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होते. नाना भात कालवता कालवता सगळं रंगवून सांगत होते, मुरूम कसा फोडला, बांध कसा घातला, आणि मग म्हणाले, "आन् मदी तुजं ते टेकाड ऱ्हायलं व्हतं, त्ये बी काढलं बग. आता पार हातावानी सपाट."

मी आबांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त जोडलेले हात सुटून मांडीवर पडले. "लई झ्याक केलंत नाना," आबा म्हणाले, आणि मला म्हणाले, "ठके, नानांना रस्सा वाढ." मी वाढला. डावातला रस्सा थोडा त्यांच्या पत्रावळीबाहेर सांडला आणि नाना मला लाडाने रागावले.

मंडळी गेल्यावर किती बिघडलंय ते आईला कळलं. आबांनी तिला शब्दही लावला नाही, तेच वाईट. तिनेच विचारलं, दुसरा खांब करता येणार नाही का, माती चोपून, वर गवत लावून, अजून एक दिवस आहे. आबांनी मान हलवली. भाटघरला असले खांब करणारी माणसं त्यांनी पाहिली होती, आणि काठीच्या एका टोच्याने ते कसे उघडे पडतात तेही. शिवाय ते मुळातच खोटं काम, म्हणाले, ते करून बिल्ला लावायचा तर छातीला टोचेल. काठ राहिले असते तर काही अंदाज निघाला असता, पण काठही छाटलेले. ते जागेवर बसून हे सगळं बोटांनी जमिनीवर आखून आईला समजावत होते आणि आई नुसती हो हो म्हणत होती. मला आईचा राग आला होता, नानांचा आला होता, आणि खरं सांगायचं तर स्वतःचा सगळ्यांत कमी आला होता. तो पुढे आला, आणि आला तो मुक्कामालाच.

गुरुवारी आबा काठी टेकत खड्ड्यावर गेले, सोबत मी. मोठे साहेब पुढे खिंडीत होते. आमचे ओव्हरसियर आधी मापं घेत येत होते. ते आमच्या खड्ड्याच्या काठाशी आले आणि उभेच राहिले. शिपायाने माप घ्यायची काठी पुढे केली तरी त्यांनी घेतली नाही. "धोंडिबा, हे खाचर आहे का खड्डा आहे?" त्यांनी विचारलं. साहेबांनी बांध पाहिला, पाण्याची वाट पाहिली, मातीत उमटलेली ढीगभर पावलं पाहिली. ते खड्ड्यात उतरले, जिथे खांब होता ती जागा बुटाने चाचपली. मग वर येऊन शिपायाला लांब पाठवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"हे तू एकट्याने केलेलं नाहीस, मला दिसतंय. आजारी होतास. कुणी अडाणीपणाने खूण काढली असेल तर त्याला इथे उभा कर. मोठ्या साहेबांसमोर त्याने एवढंच सांगायचं की मी काढली, मला माहीत नव्हतं. मी तुझ्यासाठी शब्द टाकीन. पण कुणीच पुढे आलं नाही तर मला लिहावं लागेल की माप वाढवून घ्यायला तूच काढलीस. मग तुलाच नाही, तुमच्या वाडीतल्या कुणालाच या रस्त्यावर काम मिळणार नाही. कळतंय का तुला?"

नाना त्या वेळी दोन शेतांपलीकडे गवत कापत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांची काठी किंचित पुढे सरकली, माझ्या पायाशी येऊन थांबली, आणि मला कळलं की बोलायचं नाही.

"म्याच काढली, साहेब," आबा म्हणाले.

साहेबांनी आणखी एकदा विचारलं. मग वही उघडून लिहिलं. त्यांना राग आला होता, आणि तो आबांनी चोरी केली म्हणून नव्हता, असं मला आज वाटतं. परत येताना आबांना बांधावर दोनदा बसावं लागलं. दुसऱ्यांदा बसले तेव्हा मी विचारलं, का. मी रडत होते. ते धापा टाकत म्हणाले, "माज्यासाठी राबलेल्या मानसाला साहेबाम्होरं उभा करून, तुमी माजं वाटुळं केलं म्हनू व्हय गं?" आणि मग म्हणाले की हे घराबाहेर जाता कामा नये, तू नाही, तुझी आई नाही, कुणी नाही. मी शपथ घेतली. आबांनी मागितली नव्हती, मीच त्यांच्या गुडघ्याला हात लावून घेतली.

बातमी दोन दिवसांत खोऱ्यात पसरली, की धोंडिबाने मापाची खूण काढून सरकारला फसवायला पाहिलं. खूण म्हणजे काय हे आमच्या वाडीत कुणी विचारलं नाही. लोकांना वाटलं, एखादी खुंटी असेल, दोरी असेल. कळणार कसं, त्या रस्त्यावर काम केलेलं आमच्याशिवाय कुणी नव्हतं आणि आता कुणाला घेणारही नव्हते. इर्जिकीच्या दिवसानंतर चार तरण्या पोरांनी नावं घालायचं ठरवलं होतं, त्यांना कारकुनाने चावडीतूनच परत पाठवलं. त्या पोरांच्या आया पाणवठ्यावर आईशी बोलायच्या बंद झाल्या. नाना घरी आले नाहीत. नानांनी चारचौघांत म्हटलं, आम्ही वाडीने जाऊन त्याचं काम मार्गी लावलं आणि याने मागून जाऊन असं करावं. ते आईच्या कानावर आलं तेव्हा ती नाचणी पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

बिल्ला खालच्या गावच्या एका माणसाला मिळाला. माणूस भला होता, रोज आमच्या दारावरून जायचा, खांद्यावर फावडं आणि लाल निशाणाची गुंडाळी, आणि आईला रामराम करायचा. आई आत जायची. आबांनी त्या वर्षी मृगाची वाट पाहिली नाही. अंगात पुरती ताकदही आली नव्हती, आणि ते मुंबईला गेले. जाताना नव्या रस्त्याने गेले, कारण आता वाट तीच होती. दोन पावसाळे लावणीला आले. तिसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या ऐवजी खोलीवरचा एक माणूस त्यांची वळकटी घेऊन आला. आईने ती कधी सोडली नाही, पोटमाळ्यावर ठेवली. तिने त्यानंतर मरेपर्यंत फोडणी दिली नाही म्हणून सांगितलं तर कुणाला खोटं वाटेल, पण मी तिच्या हातचं खाल्लंय.

माझं लग्न भोरला झालं, नवरा शाळेत शिपाई, त्याच्यामुळे मी अक्षरं शिकले आणि पुढे मास्तरीणही झाले. वाडीला जाणं कमी होत गेलं. आई गेल्यानंतरच्या वर्षी निरोप आला की रावजीनाना फार थकलेत, माणसं ओळखत नाहीत पण तुझं नाव काढतात. मी गेले. नाना पडवीत गोधडीवर होते, मिशा तेवढ्या जागच्या जागी. मला त्यांनी लगेच ओळखलं. सुनेला म्हणाले, धोंडिबाची ठकी आली, चहा टाक. माझा हात धरून बराच वेळ आबांचंच बोलत राहिले. लहानपणी कसे होते, पोहायला कसे होते, भाताची पेंढी कशी बांधायचे. मग त्यांचे डोळे भरून आले.

"मानूस सोनं व्हता तुजा बाप," म्हणाले. "येवडी एक खोट का केली आसंल गं त्यानं? म्या लई इचार केला. आमी तर समदं धड करून दिलं व्हतं. तुला तरी काय बोलला आसंल. मला आता सांग, म्या कुनाला सांगायला ऱ्हानार न्हाई."

आबा गेलेले, आई गेलेली. शपथ आता फक्त माझ्या एकटीची उरली होती आणि ती मोडली असती तर विचारणारं कुणी नव्हतं. माझ्या बापाला चोर म्हणणारं खोऱ्यातलं शेवटचं माणूस माझा हात धरून बसलं होतं, आणि एका वाक्यात मला त्यांचं नाव धुऊन काढता आलं असतं. नानांचा हात हलका झाला होता, पण त्यावरचे कुदळीचे घट्टे तसेच होते.

"हाव सुटली आसंल, नाना," मी म्हणाले.

नानांनी मान हलवली. "आसंल बाबा. मानूसच त्यो," म्हणाले, आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं. मग सुनेने चहा आणला आणि त्यांना टेकून बसवायला मी मदत केली.